कलावतीच्या कानातले बोल

सोलापुरात एप्रिलच्या भर दुपारी कानटोपी घातलेला माणूस दिसला, तर लोक आधी त्याला सावलीत बसवतात, मग पाणी देतात आणि मग घरच्यांचा फोन नंबर विचारतात. यंदा ती सोय राहिली नाही, कारण विचारणाऱ्याच्या डोक्यावरही कानटोपी होती.

जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयासमोर रस्ता भरून माणसं उभी होती. लोकरीच्या टोप्या, माकडटोप्या, टोपी न मिळालेल्यांनी घट्ट बांधलेले टॉवेल. घामाच्या धारा वाहत होत्या, डांबर पायाला चिकटत होतं, पण एकाही माणसाचा कान उघडा नव्हता. रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी खाली उतरून एकेकाला हाताला धरून बाजूला करू लागला.

वैजयंती घोडके सकाळची शाळा सुटल्यावर थेट इथं आली होती. ती हायस्कूलला विज्ञान शिकवायची. सासूबाई सोजरबाई आणि चुलत सासू अनसूयाबाई दोघी सकाळपासून घरात नव्हत्या. दोघी जावा, दोघींचे नवरे वारलेले, चूल एक आणि भांडणही रोज एकच. त्या कुठं गेल्या असतील, हे गल्लीत कुणाला विचारायची गरजच नव्हती. अख्खं शहर इथंच येत होतं.

आत मांडवात गाद्यांची रांग होती. प्रत्येक गादीवर एक माणूस कुशीवर झोपलेला आणि डोक्यापासून पायापर्यंत चादरीखाली. फक्त कानाच्या जागी एक कागदी पत्रावळ होती. तिला मधोमध भोक होतं आणि त्या भोकातून वर उभी, मेणात बुडवलेल्या कापडाची वीतभर नळी. नळीचं वरचं टोक पेटलेलं.

या सगळ्यांमधून भगव्या रेशमी कफनीतले श्री कर्णशुद्धानंद महाराज फिरत होते. हातात माईक होता. ते हिमालयातून आले असं काहीजण सांगत आणि हैदराबादहून आले असं त्यांचा ड्रायव्हर सांगे.

"भक्तहो, माणूस तोंडानं जे खातो, ते दुसऱ्या दिवशी बाहेर पडतं. पण कानानं जे खातो, ते कुठं जातं?"

मांडवातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"कुठंच जात नाही! साठतं! भावकीचे शिव्याशाप, शेजाऱ्याची जळजळ, सासरचे टोमणे, सगळं आत साठतं. त्यातूनच गुडघेदुखी. त्यातूनच कर्ज. त्यातूनच पोराला गणितात कमी मार्क!"

"व्हय, व्हय!" गर्दीतून कुणीतरी कळवळून ओरडलं. त्याच्या पोराची परीक्षा नुकतीच झाली असावी.

"आणि हे बाहेर कोण ओढतं? मेण! मेण म्हणजे काय? 'मे' म्हणजे माझं, 'ण' म्हणजे नाही. जे माझं नाही, ते ओढून घेतं, ते मेण!"

"मग शेण म्हणजे काय हो?" वैजयंतीनं शेजारच्या गृहस्थाला हळूच विचारलं. त्यानं कानटोपीवरून हात फिरवला आणि भक्तिभावानं मान डोलावली.

महाराज एका गादीपाशी थांबले. नळी अर्धी जळली होती. त्यांनी ती उपटली, पाण्यात बुडवून विझवली आणि कात्रीनं उभी चिरली. आत पिवळा भुगा आणि तपकिरी गोळ्या होत्या. बघणाऱ्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. पिवळं म्हणजे भावकी, तपकिरी म्हणजे सासर, काळं म्हणजे शेजार, असा हिशेब आता पोराटोरांना पाठ होता.

"तपकिरी!" महाराज म्हणाले. "बाई, तुमच्या घरातच आहे. जाऊ!"

चादर बाजूला झाली आणि सोजरबाई उठून बसल्या. पलीकडच्याच गादीवर अनसूयाबाई पडलेल्या. त्यांचीही नळी चिरली गेली.

"इथंही तपकिरी! जाऊ! थोरली!"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका ताटात जेवलेल्या त्या दोन बायका. वैजयंतीला वाटलं, आता दोघी हसतील. कुणीच हसलं नाही. दोघी वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेल्या.

त्या दिवसापासून घोडक्यांच्या गॅसची वाटणी झाली. डावी शेगडी सोजरबाईंची, उजवी अनसूयाबाईंची. अडचण अशी होती की घरात भाकरी बडवायचा हात होता सोजरबाईंचा आणि शेंगाची चटणी कुटायचा हात अनसूयाबाईंचा. त्यामुळे डाव्या बाजूला नुसती कोरडी भाकरी खाल्ली जाऊ लागली आणि उजव्या बाजूला नुसती चटणी. दोघी पाणी फार प्यायच्या.

वैजयंतीचा नवरा मानसिंग चादरी-टॉवेलचं दुकान चालवायचा. तोही कानटोपी घालून बसू लागला.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"गिऱ्हाईक घालून येतंय, मग मी उघड्या कानानं बसलो तर त्यांना वाटतंय माझे बोल शिरतील. धंदा हाय गं."

"मग भाव कसा सांगता?"

मानसिंगनं बोटं दाखवली. गिऱ्हाईक कमी बोटं दाखवायचं. मग मानसिंग कपाळावर हात मारायचा. कानटोप्या महाराजांच्याच माणसांकडून, मांडवाच्या दारातूनच घ्यायच्या होत्या, कारण बाहेरच्या लोकरीला म्हणे बोल अडवायची ताकद नसते. उघड्या कानात नवे बोल शिरू नयेत म्हणून त्या अमावास्येपर्यंत उतरवायच्या नव्हत्या. बाजारात लोक खुणांनी भांडत होते. एका लग्नात भटजींनी "सावधान" म्हटलेलं कुणालाच ऐकू आलं नाही. वऱ्हाडी अक्षता मुठीत धरून तसेच उभे राहिले.

वैजयंतीला सुरुवातीला या सगळ्याची गंमत वाटली. ती संपली सोजरबाईंच्या कानामुळे. मुळात त्यांच्या कानाला दडा बसला होता म्हणून त्या महाराजांकडे गेल्या होत्या. आता तिथं ठणका लागला. त्या गालावर हात दाबून बसायच्या, जेवायच्या नाहीत.

"आई, डॉक्टरांकडे जाऊ."

"कशाला? बोल बाहीर पडताना कळ येतीच म्हनलेत म्हाराज."

"आणि ताप?"

"तो अनशीच्या बोलाचा. लई जहरी बोलती ती."

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी त्या भिंतीला धरून उठायला गेल्या आणि भोवळ येऊन खाली बसल्या. तेव्हा वैजयंतीनं पुढं काही विचारलं नाही. सरळ रिक्षात घातलं आणि डॉक्टर देवदत्तांच्या दवाखान्यात नेलं. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी कानात दिवा धरून बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"कानात काय ओतलंत?"

"ओतलं न्हाय, काढलं," सोजरबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बराच वेळ खपून, थेंब घालून, बारीक चिमट्यानं एकेक तुकडा काढला आणि ताटलीत ठेवला. पांढरट, कडक तुकडे. त्यांनी एक नखानं दाबला.

"हे कानातलं नाही, बाई. ही मेणबत्ती आहे. वरून वितळून आत टपकलीय. पडद्याजवळ भाजलंय, आणि त्यात पू झालाय. आणखी थोडं आत गेलं असतं, तर पडद्याला भोक पडलं असतं."

"पण कानातही मेणासारखं असतंच की डॉक्टर, मळ म्हणतो ते," वैजयंतीनं मुद्दाम विचारलं. सासूबाईंनी ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं अशी तिची इच्छा होती.

"असतं. ते शरीर स्वतः बनवतं, धूळ आणि किडे अडवायला. आपलं काम झालं की हळूहळू बाहेर येतं. यांचं थोडं घट्ट झालं होतं, एवढंच. तेही काढलं मी. आणि एक सांगतो, जळणारी नळी कानातून काहीच ओढत नाही. तसा ओढा असता तर आधी पडदाच बाहेर आला असता."

सोजरबाई एकदम मान वळवून वर बघायला लागल्या. "हा पंखा एवढा वाजतोय?"

"कालपण एवढाच वाजत होता," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना सोजरबाई रस्त्यातला प्रत्येक आवाज ओळखत आल्या. पण दारात पाऊल टाकताच त्यांचा चेहरा पुन्हा आवळला. "कान बरा झाला, वैजे. पन बोल तर निघाले हुते की. माझ्या डोळ्यांनी बघितले."

वैजयंती मांडवातून विकत आणलेली एक नळी घेऊन बसली. सरबताची रिकामी बाटली धुऊन, पुसून तिनं ओट्यावर ठेवली, तिच्या तोंडात नळी उभी केली आणि काडी ओढली. नळी फरफर आवाज करत जळू लागली. अर्धी झाल्यावर वैजयंतीनं ती विझवून सासूबाईंच्या हातात कात्री दिली.

सोजरबाईंनी नळी चिरली. आत पिवळा भुगा आणि तपकिरी गोळ्या.

त्यांनी एक गोळी बोटानं दाबून बघितली. मग म्हणाल्या, "अनशी बाटलीला काय बोलली असंल गं?"

वैजयंतीनं कपाळाला हात लावला. "आई, कापड मेणात बुडवलंय. वरचं मेण जळतं, त्यातलं थोडं वाफ होऊन नळीच्या आतल्या गार भागात जाऊन बसतं. त्यात जळक्या कापडाची काजळी मिसळते. झाला भुगा. कानात लावा, बाटलीत लावा नाहीतर नुसती हवेत धरा, हेच निघणार. तुम्ही कपाट अडकलं की खणाला मेणबत्ती घासता. दोऱ्याला मेण लावून गोधडी शिवता. मामंजी होते तोवर रोज बोटानं कपाळाला मेण लावून वर कुंकू टेकवलंत. त्या मेणानं कधी सांगितलं का, कोण काय बोललं ते?"

सोजरबाईंनी कपाळाच्या त्या जागेवर बोट ठेवलं. डोळे भरून आले. "म्हंजी अनशी काय बोललीच न्हाय?"

"ते मला माहीत नाही. मेणालाही माहीत नाही."

अनसूयाबाईंना मात्र बाटली दाखवून उपयोग झाला नाही. त्या आता मांडवात सेवेकरी झाल्या होत्या आणि नळ्या विझवायची पाण्याची बादली त्यांच्याकडे होती. "तू केलं म्हनून तसं निगालं," त्या वैजयंतीला म्हणाल्या. "म्हाराजांच्या हाताला गुन हाय."

"मग म्हाराजांच्याच हातानं करू की," सोजरबाई मागून म्हणाल्या. त्यांची नजर कोपऱ्यातल्या मोठ्या कलिंगडावर होती.

त्यांची एकच अट होती. साधू असो, भोंदू असो, खोटं बोलायचं नाही. म्हणून सकाळी त्यांनी कलिंगडाला हळदकुंकू लावून रीतसर बारसं केलं आणि त्याच्यापाशी वाकून कुर्र करून नाव ठेवलं: कलावती.

मांडवात खूप आजारी माणसांना रिक्षा दारापर्यंत आणायची परवानगी होती. मानसिंगनं दुकानातली सर्वांत मोठी सोलापुरी चादर आणली होती. गादीवर एक लांब लोड, लोडाच्या डोक्याशी कलावती, आणि सगळ्यावरून चादर. पत्रावळ नातेवाइकांनीच लावून ठेवायची असे, कारण महाराजांना वेळ नसे. मानसिंगनं कलावतीला आधीच नळीएवढं भोक पाडलेलं होतं. वैजयंतीनं पत्रावळीचं भोक त्याच्यावर बरोबर बसवलं. तिनं ते पुन्हा एकदा तपासलं. हे फसलं तर अनसूयाकाकी पुन्हा कधी घरच्या होणार नाहीत, आणि या गर्दीत आणखी किती जणांच्या कानांचे पडदे जातील कोण जाणे.

महाराज आले. मागून बादली घेऊन अनसूयाबाई. त्यांनी जावेला बघून तोंड फिरवलं.

"नाव?"

"कलावती," सोजरबाई म्हणाल्या.

"कुठल्या?"

"मंगळवेढ्याकडच्या. नदीकाठच्या."

"त्रास काय?"

"बोलतच न्हाईत. आमी आणल्यापासनं एक शबूद न्हाय."

"डोकं जड असतं?"

"लई जड. मानसिंगाला दोन्ही हातांनी उचलाय लागलं."

"स्वभाव?"

सोजरबाईंनी क्षणभर विचार केला. "वरनं एकदम थंड. पन आतनं लालभडक."

"अंतरीचा दाह!" महाराज माईकमधून गरजले. "बघा भक्तहो! वरून शांत, आतून आग! या माउलीनं किती सोसलं असेल!"

गर्दीतल्या दोन बायका डोळे पुसू लागल्या. नळी पेटली. महाराजांनी मंत्र म्हटले. नळी फरफरली तसे ते म्हणाले, "ऐका, बोल जळतायत!" मग त्यांनी नळी उपटली, अनसूयाबाईंच्या बादलीत विझवली आणि चिरून उंच धरली.

"तपकिरी! दाट तपकिरी! सासर! या माउलीला घरातल्याच बाईनं छळलंय. जाऊ! थोरली जाऊ! दिवसरात्र हिच्या कानात विष ओततेय!"

"नक्की जाऊच का, महाराज?" वैजयंतीनं विचारलं.

"मेण खोटं बोलत नाही!"

वैजयंतीनं चादर ओढली.

हिरवंगार, गोल गरगरीत कलिंगड पत्रावळीखाली लोडावर टेकून बसलं होतं. कपाळावर कुंकू होतं. महाराजांच्या हातातून कात्री गळाली.

पहिला आवाज आला तो अनसूयाबाईंचा. त्यांनी बादली खाली ठेवली, कलिंगडाकडे बघितलं, मग जावेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अय्यो देवा! अक्का, कलिंगडाची थोरली जाऊ कोन गं? खरबूज?"

सोजरबाई फसकन हसल्या. मग अनसूयाबाई. मग टोपीतल्या माणसांनी जे दिसलं ते शेजाऱ्याला सांगायला टोप्या वर केल्या आणि हसू रांगेरांगेनं रस्त्यापर्यंत गेलं.

"हसू नका!" महाराज ओरडले. "फळालाही नजर लागते! शेतकऱ्यांना विचारा!"

"खरं हाय की," मागून एकजण म्हणाला. "आमचा मागच्या साली अख्खा प्लॉट गेला."

"नजरेचं नंतर बघू," वैजयंती म्हणाली. "पण जाऊ? जाऊ कुठनं आणली यांनी?"

त्या माणसानं थोडा विचार केला आणि मान हलवली. "व्हय. तेवढं चुकलं त्यांचं."

वैजयंतीनं पिशवीतून काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. गर्दीतल्याच एकाला नळी निवडायला सांगितली, दुसऱ्याला पेटवायला, तिसऱ्याला चिरायला. बाटलीत कान नव्हता, भावकी नव्हती, शेजार नव्हता. तरी पिवळा भुगा निघाला, तपकिरी गोळ्या निघाल्या आणि वर थोडं काळंही निघालं.

लोक वळून बघतात तर महाराज जागेवर नव्हते. डॉक्टर देवदत्तांनी सोजरबाईंचा कान बघितला त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार केली होती, त्यामुळे दारात दोन पोलीस उभे होते. पण मांडवभर हजार कानटोप्या, त्यात महाराज कोणते? शेवटी हवालदारानं माईक घेतला. "सगळ्यांनी टोप्या काढा!" सगळ्यांनी काढल्या. उकाड्यानं कावलेली माणसं आज्ञेची वाटच बघत होती. जेवणघराच्या दारापाशी फक्त एकाच माणसानं टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. खाली रेशमी कफनी होती.

त्यांना नेल्यावरही गर्दी हलेना. लोक कपाळाचा घाम पुसत वैजयंतीकडे बघत होते. एक बाई पुढं आली. "बाई, म्हंजी आमच्या कानात कायच नव्हतं?"

"होतं की. मळ होता. सगळ्यांच्या कानात असतो आणि तो कामाचा असतो. दडा बसला, ठणका लागला, तर डॉक्टरला दाखवा. कानात काडी नको, पिन नको, आणि आग तर नकोच." वैजयंती थांबली. वर्गात बोलायची तिला सवय होती, पण हे चेहरे परीक्षेला बसलेल्या पोरांचे नव्हते. यातल्या कुणीतरी बहिणीला दार लावलं होतं, कुणी शेजारणीची वाटी परत केली होती. "आणि एक मागणं आहे. कुणी काही चमत्कार दाखवला, तर लगेच पाया पडू नका. घरी जाऊन तेच रिकाम्या बाटलीवर करून बघा. बाटलीलाही गुण आला, तर समजा की दोष तुमच्यात नव्हता आणि गुण महाराजातही नव्हता. कोण आपल्याबद्दल काय बोललं, हे मेणाला विचारू नका. त्या माणसाला विचारा. त्याला तोंड आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बऱ्याच जणांनी खिशातून मोबाइल काढले.

वैजयंतीच्या शेजारी मैंदर्गीचे सिद्धलिंग नावाचे एक वयस्कर शेतकरी उभे होते. त्यांच्या नळीत भाऊ निघाला होता आणि त्यांनी भावाच्या घरचं पाणी सोडलं होतं. त्यांनी नंबर लावला. ऐकू कमी येत असल्यामुळे फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून पुढचं सगळ्यांनाच ऐकू आलं.

"तम्मा," ते धाकट्या भावाला म्हणाले, "चुकलं माझं. तू माझ्याबद्दल कायबी बोलला न्हवतास रे."

पलीकडून भावाचा आवाज आला, "बोललो हुतो की! पाइपलाइनीवरनं. तुझ्या तोंडावर बोललो हुतो, बांधावर उभा ऱ्हाऊन. त्याला मेन कशाला लागतंय? ये घरी, परत बोलतो."

"येतो," सिद्धलिंग म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले.